हात, सांचा आणि आंकडा

कारागिराचें कसब हें मोठें विलक्षण धन आहे. सुतार आपली करवत, रंधा व पटाशी मुलाच्या हवालीं करून जाऊं शकतो. परंतु रंधा कोठें हलका धरावा, लांकडाचा रेषा कोठें फिरला आहे, हें ज्या बोटांना कळत होतें तीं बोटें मागें ठेवतां येत नाहींत. जमीन, दागिना किंवा ग्रंथ ह्यांचा वारसा बसल्या जागीं मिळतो. कसब मात्र प्रत्येक पिढीला आरंभापासून मिळवावें लागतें. गेल्या सव्वादोनशें वर्षांत युरोप व अमेरिका येथील यंत्रकारांनीं जो एक दीर्घ उद्योग चालविला, त्याचा हेतु थोडक्यांत सांगावयाचा तर हें कसब हातांतून काढून हाताबाहेर कोठें तरी सांठवून ठेवावें, असा होता. प्रथम तें लोखंडी सांच्यांत सांठविलें गेलें, मग भोंकें पाडलेल्या पत्त्यांत, आणि शेवटीं निव्वळ आंकड्यांत.

ह्या उद्योगाचें अलीकडचें एक फळ म्हणजे हौशी लोकांच्या घरीं दिसूं लागलेला सी.एन.सी. राउटर. आंकड्यांच्या हुकुमानें लांकूड कोरणारें हें यंत्र आहे. टेबलाएवढी एक बैठक, तीवर मागें-पुढें सरकणारी एक कमान, कमानीवर डावी-उजवीकडे सरकणारा एक गाडा, आणि त्या गाड्यावर वर-खालीं होणारें व मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेणारें धारदार पातें, एवढाच त्याचा संसार. संगणकावर आकृति काढावी, तिचें आंकड्यांच्या ओळींत रूपांतर करून यंत्राकडे पाठवावें, आणि यंत्रानें ती फळींत कोरावी. ज्यानें आयुष्यांत पटाशी हातीं धरलेली नाहीं असा गृहस्थहि ह्याच्या योगानें देव्हाऱ्याची नक्षीदार चौकट करवून घेऊं शकतो. तें पाहून एक पक्ष म्हणतो कीं, कसबाची मिरासदारी संपली व कला सर्वांना मोकळी झाली. दुसरा पक्ष म्हणतो कीं, सुताराचें कसब आतां मेलें. ह्या दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट सारखीच गृहीत धरली आहे. ती ही कीं, यंत्र आलें म्हणजे कसबाची गरज उरत नाहीं. तें गृहीत कितपत खरें आहे, हें पाहण्यासाठीं ह्या यंत्राच्या पूर्वजांची ओळख करून घेतली पाहिजे.

१

लांकडाची एक वस्तु आरंभापासून अखेरपर्यंत यंत्रमालेंतून घडविण्याचा पहिला मोठा प्रयोग इंग्लंडांत पोर्टस्मथ येथील आरमारी गोदींत झाला. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धाचे ते दिवस. शिडाच्या जहाजावर दोर ओढण्यासाठीं लांकडी कप्प्या लागतात. ७४ तोफांच्या एका जहाजाला अशा जवळजवळ एक हजार कप्प्या लागत, आणि आरमाराची वार्षिक गरज लाखाच्या घरांत होती. हें काम कंत्राटदार करीत, आणि त्यांत कुशल हातांचा भाग मोठा असे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळींत देश सोडून अमेरिकेस व तेथून १७९९ सालीं इंग्लंडास आलेला मार्क इझम्बार्ड ब्रुनेल ह्यानें कप्पी घडविण्याच्या कामाचे तुकडे पाडले, आणि प्रत्येक तुकड्यासाठीं निराळें यंत्र कल्पिलें. एक यंत्र ओंडका कापी, एक भोंक पाडी, एक तें भोंक लांबवून खांच करी. आणखी एका यंत्रांत मोठ्या चाकाच्या परिघावर दहा कप्प्या एकदम आंवळून त्यांच्या पाठी एकाच वांकाच्या तासून काढीत. अशीं पंचेचाळीस यंत्रें बसविण्यांत आलीं, आणि १८०८ सालीं तेथें वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होऊं लागल्या. एकशेंदहा कुशल कारागिरांचें काम आतां दहा अशिक्षित माणसें करतात, असा हिशेब त्या वेळीं मांडला गेला, आणि तो पुढें शंभर वर्षें मोठ्या कौतुकानें उद्धृत होत राहिला.

परंतु हा हिशेब करणारांनीं वहीचें एकच पान पाहिलें. शंभर कारागिरांचें कसब गेलें कोठें, हें दुसऱ्या पानावर लिहिलेलें होतें. ब्रुनेलचीं यंत्रें घडविलीं तीं हेन्री मॉड्स्ले ह्यानें. लोखंडाचा पृष्ठभाग खरोखर सपाट करणें, मळसूत्राचे आटे सारख्या अंतरानें पाडणें, हत्यार हातानें न धरतां सरकत्या पाटावर घट्ट बसवून तें काट्यावर चालविणें, ह्या गोष्टींचा ध्यास घेतलेला हा पुरुष होता. त्याच्या कारखान्यांत प्रत्येकाच्या ओट्यावर सपाटपणा पारखण्यासाठीं लोखंडी पाट ठेवलेला असे. रिचर्ड रॉबर्ट्स, जेम्स नॅस्मिथ, जोझेफ व्हिटवर्थ हे पुढील काळांतील नामांकित यंत्रकार त्याच्याच हाताखालून गेले. म्हणजे पोर्टस्मथच्या गोदींतील सुताराच्या हातून जें कसब निसटलें, तें दुसरें रूप घेऊन लंडनमधील लोहाराच्या हातांत जाऊन बसलें. यंत्र चालविणारास कसब लागेना, कारण तें यंत्र करणारास दुप्पट लागूं लागलें. शंभर घरांना मात्र हें समाधान पुरण्यासारखें नव्हतें. कारण कसब एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं गेलें, तरी तें ज्याच्या घरांतून गेलें त्याच्याच घरीं परत येतें असें नाहीं.

अमेरिकेंत थॉमस ब्लँचर्ड ह्यानें पुढचें पाऊल टाकलें. बंदुकीचा लांकडी दस्ता हा गोल नाहीं, चौकोनी नाहीं. त्याचा प्रत्येक छेद निराळा. चरकावर गोल वस्तु कांतणें सोपें, पण असा वांकडा आकार कांतावा कसा? ब्लँचर्डनें १८१९ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत एक तयार दस्ता व एक कोरा ठोकळा असे दोन्ही एकाच गतीनें फिरत. तयार दस्त्यावरून एक गुळगुळीत चाक घांसत जाई, आणि तें जितकें वर-खालीं होई तितकेंच कापणारें चाक ठोकळ्यावर वर-खालीं होई. मूळ वस्तूच्या अंगावरून हात फिरवून तिची प्रत काढावी, तसा हा प्रकार. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारांत हें यंत्र बसलें, आणि सांच्यावरून नक्कल करण्याची पद्धत पुढील शतकभर लांकूडकाम व लोखंडकाम ह्या दोहोंत रूढ झाली. तथापि सांचा करावयाचा तो हातानेंच; आणि सांच्यांत राहिलेला दोष प्रत्येक प्रतींत उतरे.

२

सांचा हा वस्तूसारखा दिसतो. दस्त्याचा सांचा दस्त्यासारखा, कप्पीचा कप्पीसारखा. जिचा वस्तूशीं दृश्य संबंध मुळींच नाहीं अशा खुणेंत आकार सांठविण्याची युक्ति प्रथम साधली ती विणकरांच्या जगांत. फ्रान्समधील लियाँ शहरीं जोझेफ मारी जॅकार ह्यानें १८०४ च्या सुमारास पूर्णत्वास नेलेल्या मागांत पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोंकें असत. भोंक असेल तेथें ताण्याचा दोरा उचलला जाई, नसेल तेथें तो खालीं राही. पत्त्याकडे पाहून त्यांतून गुलाब उमटणार कीं मोर, हें सांगतां येत नसे. १८३९ सालीं विणलेल्या जॅकारच्या रेशमी चित्राला सुमारें २४,००० पत्ते लागले; त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेज ह्याच्या संग्रहीं होती, आणि त्याच्या गणकयंत्राच्या कल्पनेंत हेच पत्ते होते.

परंतु मागाला दोनच गोष्टी विचाराव्या लागतात: दोरा वर कीं खालीं. लांकडाच्या वांकाला ‘किती’ हें विचारावें लागतें, आणि ‘किती’ ह्याचें उत्तर आंकड्यानेंच देतां येतें. हा आंकडा यंत्राच्या अंगीं बाणण्यास आणखी दीडशें वर्षें लागलीं. ह्या विद्येचा जन्म पोलादाच्या कारखान्यांत झाला असेल असें कोणासहि वाटेल. वस्तुतः तिचें मूळ लांकडाच्याच कामांत आहे.

जॉन पार्सन्स हा मिशिगन प्रांतांतील कारखानदार. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. दुसऱ्या महायुद्धांत सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठीं लांकडी फांसळ्या करण्याचें काम त्यानें मिळविलें, आणि लांकडी सामानाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यांत तें सुरू केलें. फांसळीचा वांक कसा असावा हें सांगण्यासाठीं मूळ कंपनी सतरा बिंदु कळवीत असे. त्या सतरा बिंदूंमधील रेषा लांकडी वक्रपट्टी धरून नजरेनें भरावयाची. म्हणजे दोन बिंदूंच्या मध्यें जें कांहीं होतें तें रेखाटणाराच्या हाताच्या भरंवशावर होतें. पुढें एक पातें निकामी झालें, आणि पार्सन्स पात्यांच्या रचनेचा मुळापासून विचार करूं लागला. त्यानें फ्रँक स्ट्यूलन नांवाचा इंजिनिअर आणविला. स्ट्यूलननें हिशेबाच्या कामासाठीं केलेलीं पत्त्यांचीं गणकयंत्रें ह्या कामीं लावलीं, आणि सतरांच्या जागीं दोनशें बिंदूंचे आंकडे काढून दिले.

आतां आंकडे होते. परंतु ते यंत्राला सांगावे कसे? प्रथम जी रीत काढली ती आपल्याकडील जुन्या शाळेंत पाढे म्हणवून घेण्याच्या रीतीची आठवण करून देते. एक मनुष्य तक्त्यावरून आंकडे मोठ्यानें वाची; कापण्याच्या यंत्रापाशीं दोन माणसें उभीं असत, त्यांतील एक लांबीचें चाक फिरवी, दुसरा रुंदीचें. आंकडा उच्चारला कीं दोघांनीं आपापलें चाक तितकें फिरवावयाचें. ह्या तिघांच्या जागीं कागदी फीत, तारा व मोटारी बसविल्या म्हणजे आजचें यंत्र झालें. १९४९ सालीं अमेरिकेच्या हवाई दलानें पार्सन्सशीं करार केला. त्यानें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्वोमेकॅनिझम प्रयोगशाळेचें साहाय्य मागितलें, आणि पुढें प्रयोगशाळेनें हवाई दलाशीं परस्पर संबंध जोडून पार्सन्सला बाजूस सारलें. १९५२ सालीं तेथें आंकड्यांवर चालणारें यंत्र लोकांना दाखविण्यांत आलें. सिनसिनाटी येथील कारखान्याच्या एका उभ्या मिलिंग यंत्राला २९२ निर्वात नळ्यांचें नियंत्रण जोडलेलें होतें, आणि नियंत्रणाच्या कपाटांनीं मूळ यंत्राहून अधिक जागा अडविली होती.

ह्या यंत्रांतील एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. यंत्राच्या प्रत्येक दिशेला हुकूम जात असे, आणि तो हुकूम कितपत अमलांत आला ह्याचा निरोप उलट परत येत असे. सांगितलेलें अंतर आणि प्रत्यक्ष चाललेलें अंतर ह्यांत फरक पडला तर मोटार तो फरक भरून निघेपर्यंत चालत राही. सर्वोमेकॅनिझम ह्या शब्दाचा अर्थच हा आहे. आपण कोठें आहोंत हें त्या यंत्राला सदैव ठाऊक असे.

ज्या वर्षीं हें यंत्र लोकांपुढें आलें, त्याच वर्षीं कर्ट व्हॉनेगट ह्याची ‘प्लेयर पियानो’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. व्हॉनेगट जनरल इलेक्ट्रिक कंपनींत नोकरीस असतांना त्यानें आपोआप चालणारें मिलिंग यंत्र पाहिलें होतें, आणि त्यावरून ही कादंबरी सुचली असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. तींत एका उत्तम कांतारी कामगाराच्या हाताच्या हालचाली फितीवर उतरवून घेतल्या जातात, आणि मग त्या फितीवरच यंत्रें चालतात. कामगाराची गरज सरते. ही केवळ कल्पना नव्हती. कामगार एकदां काम करीत असतां त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपून पुन्हां त्याच यंत्राकडून करवून घेण्याची पद्धत जनरल इलेक्ट्रिकनें प्रत्यक्ष तयार केली होती. डेव्हिड नोबल ह्या इतिहासकारानें १९८४ सालीं ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ हा ग्रंथ लिहून असा प्रश्न विचारला, कीं कामगाराच्या हातालाच गुरु मानणारी ही फितीची रीत मागें कां पडली, आणि कचेरींत बसून आंकडे लिहिण्याची महागडी रीत पुढें कां आली? त्याचें उत्तर असें, कीं कारखान्यावरील ताबा ओट्यापाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या हातून काढून कचेरींतील माणसाच्या हातीं देणें हेंच चालकांना व लष्कराला हवें होतें. नोबलचें हें मत सर्वांस मान्य नाहीं. वांक गुंतागुंतीचे झाले म्हणजे मनुष्याच्या हालचालींची फीत अपुरीच पडते, हा आक्षेपहि खोटा नाहीं. परंतु त्यानें नोंदलेली एक गोष्ट दोन्ही पक्षांनीं मानण्यासारखी आहे. आंकड्यांची फीत लावून कारखान्यांत कोणाहि नवशिक्यास उभें करतां येईल, ही आशा फोल ठरली. फितींत चुका असत, पातें बोथट होई, धातु कोठें कठीण तर कोठें मऊ लागे. आणि यंत्रापाशीं जाणता मनुष्य नसला म्हणजे महागडा माल पाहतां पाहतां भंगारांत जाई.

३

कारखान्यांतील हें यंत्र लांकूडकामाच्या हौसेपर्यंत आलें त्याचा इतिहास थोडा आहे. १९५९ सालीं एम्.आय्.टी.मध्यें डग्लस रॉस ह्याच्या मंडळीनें आंकडे लिहिण्याचें काम संगणकाकडूनच करवून घेण्याची भाषा लोकांपुढें ठेवली, आणि तिचा नमुना म्हणून यंत्रानें कापलेल्या अॅल्युमिनियमच्या रक्षापात्र्या पत्रकारांना वांटल्या. यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची लिपीहि हळूहळू ठरून गेली. तिला जी-कोड म्हणतात. ‘जी १’ म्हणजे सरळ रेषेंत कापत जा, ‘जी २’ म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें कंस काढ, ‘एम ३’ म्हणजे पातें फिरवावयास लाग. अक्षर आणि आंकडा, ह्यापलीकडे तिचें व्याकरण नाहीं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत शिकविणारे टेड हॉल हे प्लायवुडच्या होड्या घरीं बांधीत असत; त्यासाठीं फळ्या कापणारें यंत्र त्यांनीं स्वतः जुळविलें, आणि १९९६ सालीं शॉपबॉट ह्या नांवानें तें लांकूडकाम करणारांसाठीं बाजारांत आणलें. २००५ सालीं इटलींतील इव्हरेआ येथें आर्डुइनो हें छोटें व स्वस्त नियंत्रक निघालें. २००९ सालीं सिमेन स्वाले स्कोग्सरूड ह्या नॉर्वेच्या गृहस्थानें त्यावर चालणारी जी.आर.बी.एल. ही आज्ञावली लिहून सर्वांना मोफत दिली. जें काम २९२ नळ्या करीत होत्या तें बोटाएवढ्या एका तुकड्यांत, ३२ किलोबाइट जागेंत मावलें.

ह्या स्वस्ताईची एक किंमत मात्र द्यावी लागली, आणि ती बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. उलट निरोप देण्याची जी व्यवस्था १९५२ च्या यंत्रांत होती, ती ह्या घरगुती यंत्रांतून बहुधा गळालेली असते. ह्याच्या स्टेपर मोटारी पावलापावलानें फिरतात. साधारणतः २०० पावलांत एक फेरा. नियंत्रकानें हजार पावलें टाकण्यास सांगितलीं, आणि मध्येंच लांकडाची गांठ आडवी येऊन मोटार दहा पावलें जागच्या जागीं गुरगुरली, तर ती नऊशेंनव्वदच चालते. नियंत्रकाच्या हिशेबीं मात्र हजार पुरीं झालेलीं असतात. डोळे बांधून पावलें मोजीत चालणाऱ्या माणसासारखी ह्या यंत्राची स्थिति आहे. तें कोठें आहे हें त्याला ठाऊक नसतें. तें पाहणारा, ऐकणारा व सांगणारा धनीच असावा लागतो. यंत्रांतून जो उलट निरोप काढून टाकला, तो मनुष्याच्या डोळ्यां-कानांनीं द्यावयाचा असतो.

४

म्हणूनच हें यंत्र विकत आणलेल्या मनुष्याचे पहिले कांहीं आठवडे कोरीवकामांत जात नाहींत, यंत्राला सरळ करण्यांत जातात. पहिला प्रश्न काटकोनाचा. कमान बैठकीशीं काटकोनांत नसेल, तर चौकोन कापावयास सांगितल्यावर यंत्र तिरका चौकोन कापील, आणि आंकड्यांत त्याचा कोठेंहि मागमूस लागणार नाहीं. ह्यावर उपाय तोच, जो बौधायनाच्या शुल्बसूत्रांच्या काळीं वेदी आंखणारास ठाऊक होता. पात्याच्या जागीं टोंकदार पेन्सिल लावून एका दिशेला ३०० व दुसऱ्या दिशेला ४०० मिलिमीटरांवर खुणा कराव्या. कर्ण बरोबर ५०० भरला पाहिजे. तो एकच मिलिमीटर अधिक भरला, तर कोन जवळजवळ पाव अंशानें उघडा आहे असें समजावें, आणि ४०० मिलिमीटरांच्या फळींत त्याचा दीड मिलिमीटरांहून अधिक वांकडेपणा होतो. एवढ्या फरकानें पेटीचें झांकण बसत नाहीं.

दुसरा प्रश्न पल्ल्याचा. मोटारीचें प्रत्येक पाऊल विजेच्या युक्तीनें आठ भागांत वांटलें, म्हणजे एका फेऱ्याचीं १६०० पावलें होतात. मोटारीच्या चक्रीला २० दांते, आणि पट्ट्याच्या दोन दांत्यांत २ मिलिमीटर अंतर असलें, तर एका फेऱ्यांत गाडा ४० मिलिमीटर सरकतो. म्हणजे मिलिमीटराला ४० पावलें. आतां ५०० मिलिमीटर सांगितले असतां यंत्र ४९८ च चाललें, तर ४० ला ५०० नें गुणून ४९८ नें भागावें, आणि ४०.१६ हा आंकडा नियंत्रकांत लिहावा, असें कोणीहि सांगेल. गणित बरोबर आहे. परंतु जाणता मनुष्य येथें थांबतो. तो प्रथम १०० मिलिमीटर चालवून पाहतो. चूक तेथें पांचपट लहान आली, तर आंकडाच सुधारावयास हवा. १०० लाहि चूक २ मिलिमीटरच आली, तर दोष आंकड्याचा नसून अंगाचा आहे: कोठें तरी ढिलाई आहे, पट्टा सैल आहे किंवा मळसूत्रावरील नट झिजला आहे, आणि दिशा बदलतांना यंत्र आधीं ती ढिलाई भरून काढतें व मग चालूं लागतें. अशा वेळीं आंकडा बदलणें म्हणजे लंगडणाऱ्याला उपचार न करतां त्याची वाट तेवढी आंखूड करण्यासारखें आहे. वर्तुळ कापून पाहिलें म्हणजे ही ढिलाई उघड होते. वर्तुळाच्या चार बाजूंना, जेथें एकेक दिशा उलटते तेथें, तें किंचित् चपटें होतें.

तिसरा दोष अकस्मात् येतो. अर्धें काम ठीक झालेलें असतें, आणि मग सर्व नक्षी एका अंगाला सरकलेली दिसते. यंत्राचीं पावलें चुकलीं. कारण शोधतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा वैद्यांचा नियम येथें फार उपयोगी पडतो. प्रथम पातें लांकडाच्या वर, हवेंतच चालवून पाहावें. हवेंतहि पावलें चुकत असतील, तर चक्री मोटारीच्या दांड्यावर घट्ट नसेल, रुळांत भुसा भरला असेल किंवा मोटारीला वीज अपुरी मिळत असेल. हवेंत ठीक आणि लांकडांत चूक, तर पातें फार खोल किंवा फार वेगानें घुसविलें जात आहे. कधीं कधीं यंत्र कामाच्या मध्येंच मुकें होतें, संगणकाशीं त्याचें बोलणें तुटतें. त्याचें कारण पुष्कळदां भुसा ओढून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळींत घर्षणानें सांचलेली वीज हें असतें, आणि नळीला तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीशीं जोडली म्हणजे तें थांबतें. मिलिमीटरांत लिहिलेलें काम यंत्रानें इंचांत वाचलें, तर सर्व कांहीं साडेपंचवीस पट मोठें होऊन गाडा एकदम कडेवर जाऊन आदळतो. येथें दोष एकाच ओळींतल्या एका आज्ञेचा असतो.

बैठकीच्या सपाटपणाची कथा तर मॉड्स्लेला आवडली असती. बैठकीवर टाकलेली फळी यंत्राकडूनच तासून घेतात, म्हणजे पात्याच्या चालीशीं ती समांतर होते. परंतु तासल्यावर तिच्यावरून बोट फिरविलें आणि प्रत्येक पट्ट्याच्या कडेला बारीकशी पायरी लागली, तर पातें बैठकीला लंब नाहीं, किंचित् कललें आहे, असें ठरतें. पायरी कोणत्या बाजूला आहे त्यावरून तें कोणीकडे कललें हें कळतें, आणि मग मोटारीच्या पाठीशीं कागदाची घडी सरकवून तें सरळ करतां येतें. हें निदान प्रथम बोटच करतें, मोजपट्टीचें काम मागाहून पडतें.

वेगाचें गणितहि असेंच कानाशीं व नाकाशीं जाऊन भिडतें. पात्याला दोन धारा आहेत, तें मिनिटाला १८,००० फेरे घेतें आणि गाडा मिनिटाला १८०० मिलिमीटर चालतो, तर प्रत्येक धार ०.०५ मिलिमीटर जाडीची ढलपी काढते. टणक लांकडाला ही फार बारीक. पातें कापण्याऐवजीं घांसूं लागतें, तापतें, ढलप्यांच्या जागीं पिठासारखा भुसा पडतो आणि कडा काळ्या होऊन जळका वास सुटतो. गाड्याचा वेग दुप्पट केला किंवा फेरे निम्मे केले, म्हणजे ढलपी ०.१ मिलिमीटरची होते आणि पात्याचा कर्कश आवाज निवळतो. पुस्तकांत ह्या आंकड्यांचे तक्ते असतात. परंतु सागवान, शिसव व आंबा ह्यांच्या आवाजांतील भेद तक्त्यांत नसतो. काटकोनाला डोळा, कललेल्या पात्याला बोट, वेगाला कान आणि जळणाऱ्या कडेला नाक, अशी ज्याला एकेका दोषाची पारख होते त्याच्या अंगीं थोडें सुतारपण आपोआप आलेलें असतें. मात्र तें हत्यारापाशीं न सुरू होतां आंकड्यापाशीं सुरू झालें, एवढाच भेद.

५

आणखी एक गोष्ट आहे जी कोणत्याहि यंत्राच्या आंकड्यांत मावलेली नाहीं. लांकूड हें मेल्यावरहि हालत असतें. हवेंतील ओल पिऊन तें रेषेच्या आडवें फुगतें, आणि उन्हाळ्यांत पुन्हां आंखडतें. वैशाखांत अचूक आंकड्यानें कापलेली फळी चौकटींत घट्ट बसविली, तर आषाढांत ती फुगून चौकटीचे सांधे उघडते. जुन्या वाड्यांतील दारांच्या फळ्या खांचेंत मोकळ्या कां ठेवलेल्या असतात, ह्याचें कारण हेंच. यंत्र शतांश मिलिमीटराचा हुकूम मानील. तो शतांश कोणत्या ऋतूंतला, हें विचारणार नाहीं. किती मोकळें सोडावें, रेषा कोणत्या दिशेला ठेवावा, गांठ नक्षींत घ्यावी कीं टाळावी, हें त्याला कोणी तरी सांगावें लागतें.

आतां आरंभींच्या दोन पक्षांकडे वळूं. कसब मेलें असें म्हणणाराला इतिहास हें दाखवितो, कीं पोर्टस्मथपासून आजतागायत तें प्रत्येक वेळीं जागा बदलूनच जिवंत राहिलें: सुताराकडून यंत्र घडविणाराकडे, त्याच्याकडून आंकडे लिहिणाराकडे, आणि तेथून यंत्राचा दोष ओळखणाराकडे. कला सर्वांना मोकळी झाली असें म्हणणाराला तोच इतिहास हेंहि दाखवितो, कीं ह्या प्रत्येक स्थलांतरांत कोणाचें तरी घर रिकामें झालें. कप्प्या करणारांना त्यांच्या कसबाचा मोबदला कोणी दिला नाहीं. आणि आंकड्यांचें यंत्र दीर्घकाळ अशांच्याच हातीं राहिलें ज्यांना ओट्यापाशीं उभें राहावें लागत नव्हतें. घरगुती यंत्राचें महत्त्व ह्या ठिकाणीं आहे. आकृति काढणारा, आंकडे लिहिणारा, यंत्र जुळविणारा आणि लांकडाची फळी हातांत घेऊन तिचा रेषा पाहणारा असे चौघे, ज्यांची कारखान्यानें दीडशें वर्षांत ताटातूट केली, ते येथें पुन्हां एका माणसांत नांदूं लागतात. ज्याच्या बापजाद्यांनीं हें कसब पोसलें त्या सुताराच्या दुकानांत हें यंत्र गेलें, तर त्या भेटीला विशेष अर्थ येईल. कारण यंत्राला जें ठाऊक नाहीं तें त्याला आधींच ठाऊक आहे, आणि जें यंत्राला ठाऊक आहे तें शिकण्यास त्याला कांहीं महिने पुरे आहेत.

आपल्या भाषेंत सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ ह्या संस्कृत शब्दापासून आला असें मानतात. लांकडावर सूत धरून रेषा आंखणारा तो सूत्रधार. आणि नाटकाच्या आरंभीं रंगभूमीवर येऊन सर्व खेळ चालविणाराला दिलेलें नांवहि तेंच. सूत दोऱ्याचें होतें तें पुढें लोखंडाचें झालें, कागदाचें झालें, आणि आतां आंकड्यांचें झालें आहे. तें कोणाच्या हातीं असावें, हा प्रश्न मात्र यंत्रानें सोडविलेला नाहीं. तो पूर्वीं होता तसाच आपल्यापुढें आहे.